कागद उलटून पाहा

गेल्या अंकात मी जुन्या संस्थानी कागदांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर आलेल्या पत्रांना एकेक करून उत्तर द्यायचं तर वर्ष जाईल. म्हणून बऱ्याच जणांच्या मनात असलेले प्रश्न निवडले आहेत. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल एवढंच सांगते : माझी नोकरी तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत गेली, आणि माझे आजोबा औंध संस्थानच्या आटपाडी कचेरीत कारकून होते. मोडी लिपी मला त्यांनी शिकवली, चुलीजवळ बसवून, राखेवर बोटानं अक्षरं काढून.

मंगळवेढ्याहून एक शिक्षक विचारतात : आमच्या वाड्याच्या जुन्या खरेदीखतावर ‘संस्थान सांगली’ असं आहे. मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यात, सांगली इथून शंभराहून जास्त किलोमीटर. हा कागद चुकीचा तर नाही?

कागद अगदी बरोबर आहे. मंगळवेढा १९४८ पर्यंत सांगली संस्थानचाच तालुका होता. आपण संस्थान म्हटलं की नकाशावर एक सलग तुकडा डोळ्यांपुढे आणतो, आणि घोटाळा तिथेच होतो. सांगली संस्थानाचे भाग ऐका : सांगलीजवळचा मिरज प्रांत, कुची, मंगळवेढा, तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी. यातलं तेरदाळ आज बागलकोट जिल्ह्यात आहे, शिरहट्टी गदग जिल्ह्यात आणि शहापूर बेळगाव शहरात. मधला सगळा मुलूख दुसऱ्यांचा. मिरजेच्या थोरल्या पातीच्या संस्थानाचंही तसंच. लक्ष्मेश्वर धारवाडकडे, मोडनिंब सोलापूरकडे. गाणं ऐकणाऱ्यांना सवाई गंधर्वांचं कुंदगोळ माहीत असतं. हुबळीजवळचं ते कुंदगोळ जमखंडी संस्थानात होतं.

असं का झालं, तर ही मुळात राज्यं नव्हती, सरंजाम होते. पेशव्यांनी पटवर्धनांना, म्हणजे या तिन्ही संस्थानांच्या सरदार घराण्याला, फौज ठेवायला नेमणूक दिली. अमुक इतके स्वार ठेवा, त्यांचा खर्च अमुक गावांच्या वसुलातून भागवा. जिथे वसूल सुटत होता तिथली गावं लावून दिली. गावं एकमेकांना लागून असावीत असा तिथे विचारच नव्हता. पुढे घरात वाटण्या झाल्या. १८०१ साली चिंतामणराव मिरजेपासून वेगळे झाले आणि सांगलीला आले. चांगली-वाईट जमीन सर्वांच्या वाट्याला यावी म्हणून लांबच्या मुलखांचेही तुकडे झाले. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी या सरदारांशी वेगवेगळे करार केले, आणि जे तुकडे ज्याच्या हाती होते ते त्याचे म्हणून तसेच राहिले.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय होता ते शहापुरात बघावं. बेळगाव इंग्रजांचं, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ‘खालसा’. लगतचं शहापूर सांगलीकरांचं. वस्ती एकमेकींना भिडलेली, पण अलीकडच्या माणसाचा दावा इंग्रजी कोर्टात आणि पलीकडच्याचा सांगलीच्या. स्टँप कागद वेगळा, पोलीस वेगळे. गुन्हा करून माणूस पलीकडे गेला की त्याला आणायला लिखापढी सुरू.

तुमच्या खरेदीखतावर वरच्या बाजूला छापील स्टँप असेल. तो भिंगातून बघा. बहुतेक संस्थानांचे स्वतःचे स्टँप असत, त्यावर राजाचं चित्र किंवा संस्थानचं चिन्ह असे. गावाचं नाव पुसट झालं तरी कागद कुणाच्या अमलातला हे त्या स्टँपवरून कळतं. मूळ नोंद शोधायची तर आधी तुमच्याच तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कचेरीत आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात चौकशी करा. विलीनीकरणात गावांचे कागद बहुतेक गावांबरोबर नव्या जिल्ह्यात गेले. हुजुरातले, म्हणजे राजधानीचे कागद बरेचसे कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. लोक उलटं करतात. आधी कोल्हापूर गाठतात, चार दिवस घालवतात, आणि हवा असलेला कागद घराशेजारच्या कचेरीत असतो.

गडहिंग्लज भागातून एक वाचक : कागदावर ‘सन १३२१ फसली, माहे मे’ असं लिहिलं आहे. तेराशे एकवीस म्हणजे शिवाजी महाराजांच्याही आधीचा कागद का?

नाही हो, तुमचा कागद १९१२ च्या मे महिन्यातला आहे. फसली सन म्हणजे पिकाचं वर्ष. आपल्याकडे ते मृगाला बदलायचं, जूनच्या पहिल्या आठवड्यात. मृगापासून डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर फसली सनात ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची असेल तर ५९१. १३२१ आणि ५९१ मिळून १९१२.

याहून जुन्या कागदांत सुहूर सन येतो, त्यालाच आपल्याकडे अरबी सन म्हणतात. तो अंकांत नसून शब्दांत असतो, आणि एकम आधी येतो. ‘सबा सबैन मया व अलफ’ : सबा सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११७७. यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि नंतर ६०० मिळवायचे. म्हणजे हे वर्ष १७७६-७७ चं. आजोबा मला पाढ्यांसारखं म्हणायला लावत : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा. एवढे नऊ शब्द पाठ झाले की निम्मं काम झालं.

वर्ष मृगाला का बदलायचं हे लक्षात घेतलं तर कागदही कळायला लागतात. मृग म्हणजे पेरणी. नवा हिशेब, तगाईचे म्हणजे शेतीसाठी सरकारी कर्जाचे अर्ज, कुळांच्या बोल्या सगळं तिथून सुरू. मे महिन्यातला कागद असेल तर तो बहुधा थकबाकीचा, सूट-तहकुबीचा किंवा भांडणाचा असतो. तुमचाही थकबाकीचाच निघेल असं वाटतं.

कोल्हापूरची एक विद्यार्थिनी : पुस्तकांत राजे, दिवाण, रेसिडेंट यांची माहिती मिळते. पण साध्या शेतकऱ्याला काही अडचण आली तर तो कुणाकडे जायचा? कारभार प्रत्यक्षात चालायचा कसा?

असाच प्रश्न विचारत जा. मी सविस्तर सांगते.

गावात पाटील आणि कुलकर्णी. पाटील वसूल आणि बंदोबस्त बघणार, कुलकर्णी लिहिणार. दोघंही वतनदार, म्हणजे हे काम बापाकडून मुलाकडे यायचं. गावावर मामलेदार. कोल्हापुरात तालुक्याला ‘पेटा’ म्हणत : करवीर, पन्हाळा, आळते, शिरोळ, गडहिंग्लज, भुदरगड. याशिवाय विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी अशा जहागिरी होत्या, त्यांचा कारभार त्यांच्याकडे आणि वर कोल्हापूरचा अंमल. मुलकी खात्याचे वरिष्ठ सरसुभे, आणि सर्वांच्या वर हुजूर, म्हणजे महाराज. बडोद्याला गेलात तर शब्द बदलतात. तिथे प्रांताचा सुभा आणि महालाचा वहिवाटदार. इंदूरला परगण्यावर अमीन. नाव वेगळं, पण खुर्ची मामलेदाराचीच.

आता अर्ज कसा जायचा ते बघ. शेतकरी लिहिणाऱ्याकडून अर्ज करून घ्यायचा. असा एक कागद डोळ्यांपुढे आण : हातकागदाचा उभा ताव, डाव्या बाजूला घडी घालून सोडलेली रुंद कोरी जागा. उजवीकडे बोरूनं लिहिलेला मोडी मजकूर. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची, लेखणी न उचलता, दोन शब्दांत जागा न सोडता. मजकूर ठरलेला : ‘अर्जदार मौजे अमुक, पेटा अमुक, अर्ज ऐसाजे’. बाकी सगळं त्या डावीकडच्या कोऱ्या जागेत घडतं. मामलेदाराचा शेरा तिथे : चौकशी करून कळवणे. मग कुलकर्ण्याचा खुलासा येतो. मग परत मामलेदार. जागा संपली की शेरे मागच्या बाजूला जातात, आणि शेवटचा निकाल बहुतेक वेळा तिथेच सापडतो, वेगळ्या शाईत, घाईच्या अक्षरात, अर्ध्या ओळीत. शिकाऊ लोक पुढचा सुबक मजकूर वाचून थांबतात. तो असतो शेतकऱ्याचं मागणं. त्याला काय मिळालं ते मागे असतं.

त्या शेऱ्यांच्या तारखा एकापुढे एक मांडल्यास की कागद कुठे अडला ते कळतं. मी असे शेकडो अर्ज हाताळले. अडण्याची नेहमीची जागा म्हणजे गावचा कुलकर्णी. सगळं दफ्तर त्याच्या घरात, लिहिता-वाचता येणारा गावात तोच, आणि त्याला काढणं सोपं नाही, कारण काम वतनाचं. मामलेदारानं कितीही चौकशी लावली तरी खुलासा लिहिणार तोच कुलकर्णी, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे. सगळे कुलकर्णी वाईट होते असं मी म्हणत नाही. उत्तम दफ्तर ठेवणारे, दुष्काळात स्वतःचं धान्य काढून देणारेही होते. पण बांधणीच अशी की चांगुलपणा त्या एका माणसाच्या मनावर.

म्हणून शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतनं काढून पगारी तलाठी नेमले, त्याला मी मोठी गोष्ट मानते. राजर्षी म्हटलं की आपण २६ जुलै १९०२ चा हुकूम सांगतो, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागास वर्गांना देण्याचा, ‘करवीर सरकारच्या गॅझेट’मध्ये छापलेला. तो मोठाच. १८९४ साली ते गादीवर आले तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांत ६० ब्राह्मण होते. पण त्या हुकमानं बदलली ती कचेरी. १९१८ च्या निर्णयानं बदलली चावडी. दफ्तर कुलकर्ण्याच्या माजघरातून सरकारी चावडीत आलं. सगळ्या जातींतल्या शिकलेल्या मुलांना तलाठ्याचं काम शिकवून नेमलं. आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा निर्णय झाला, तोही याला जोडूनच बघ. लिहिता येणारी माणसं गावोगाव झाल्याशिवाय दफ्तर कुणा एकाच्या हातून सुटणार कसं?

दुसरं एक उदाहरण नीट वाच, कारण ते परीक्षेत कुणी विचारत नाही : कोल्हापुरातलं १८४४ चं गडकऱ्यांचं, म्हणजे किल्ले राखणाऱ्यांचं बंड. त्या वेळी छत्रपती वयानं लहान, आणि इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमलेलं. किल्ल्यांवरच्या गडकऱ्यांना पिढ्यानपिढ्या जमिनी होत्या आणि त्यांचा कारभार वेगळा चाले. नव्या कारभारानं त्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात दिल्या. कागदावर बघशील तर एका ओळीचा फेरबदल. पण सामानगडानं दरवाजे लावून घेतले, भुदरगड उठला, फौज आणावी लागली. आणि शेवटी कोल्हापूरचा कारभार इंग्रजांनी आपल्या हातात घेतला. कुणाची जमीन कुणाच्या दफ्तरात लिहिली जाते, ही गोष्ट माणसांना तेव्हा जिवाइतकी मोठी वाटत होती.

तुला प्रबंधाला विषय हवा असेल तर एकाच पेट्यातल्या एकाच गावाचे १९१० ते १९२५ पर्यंतचे अर्ज घे. १९१८ च्या आधी आणि नंतर शेऱ्यांना किती दिवस लागले ते मोज. मला त्याचं उत्तर वाचायला फार आवडेल.

साताऱ्याहून एक निवृत्त वाचक : आमचे वडील म्हणत, संस्थानातला कारभार खालसापेक्षा बरा होता. माझे मित्र म्हणतात, संस्थानं म्हणजे मनमानी. तुमचं मत काय?

दोघांनीही आपापलं संस्थान पाहिलं असणार. फलटणचा, जतचा, औंधचा आणि सावंतवाडीचा कारभार एका वाक्यात बसत नाही.

माझ्या आजोबांचं सांगते. औंध संस्थान अवघं ५०१ चौरस मैलांचं, चार तालुके : औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ. तेही विखुरलेलेच, गुणदाळ तर विजापूरकडे. आटपाडीहून औंधला गाडीनं जायचं तर वाटेत मुक्काम पडायचा. तरीही माणदेशातला मेंढपाळ अर्ज घेऊन तिथपर्यंत जायचा आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींसमोर उभा राहून बोलून यायचा, हे आजोबांनी स्वतः बघितलेलं. खालसातला शेतकरी मुंबईच्या गव्हर्नरला कधी भेटणार? अंतर कमी, हा छोट्या संस्थानाचा खरा गुण. कोल्हापुरातही शाहू महाराज सोनतळीच्या मुक्कामी असले की लोक सरळ तिथे जात.

पण तेच अंतर जाचही करतं. राजा समोर असतो तसा त्याचा रागही समोर असतो. राजानं अन्याय केला तर वर कोण? पोलिटिकल एजंट, म्हणजे संस्थानावर नजर ठेवणारा इंग्रज अधिकारी. आणि एजंट बघायचा काय, तर वारसा, दत्तक, कर्ज आणि शांतता. छोट्या संस्थानांना तर वेगळा एजंटही नव्हता. जिल्ह्याचा इंग्रज कलेक्टरच ते काम बघायचा : औंध-फलटणला साताऱ्याचा, भोरला पुण्याचा, अक्कलकोटला सोलापूरचा, जतला विजापूरचा. शेतकऱ्याची बैलजोडी कुणी ओढून नेली, याच्याशी त्याला देणंघेणं नसे. जुलूम फारच वाढला तर मात्र हात घालत. जतचा कारभार १८७४ ते १८८५ इंग्रजांनी थेट आपल्याकडे घेतला होता, तो अशाच तक्रारींवरून. म्हणजे गाऱ्हाणं ऐकलं जाण्याआधी ते किती थरांपर्यंत साचावं लागे बघा. पुढे १९३३ साली कोल्हापूर आणि दख्खनची संस्थानं मुंबई सरकारकडून काढून कोल्हापूरच्या रेसिडेंटमार्फत थेट हिंदुस्थान सरकारशी जोडली. त्यानं दिल्ली जवळ आली, पण शेतकऱ्याची चावडी होती तिथेच राहिली.

म्हणून माझं मत असं, की चांगला राजा मिळणं हे कारभाराचं मोजमाप नव्हे. राजानं आपल्यामागे नियम ठेवले का, ते बघावं. औंधच्या राजेसाहेबांनी १९३८ मध्ये अधिकार प्रजेला द्यायचं ठरवलं, गांधीजींशी सल्लामसलत करून घटना तयार झाली आणि १९३९ च्या जानेवारीत ती लागू झाली. त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांनी तिच्यासाठी जीव ओतला. गावोगाव निवडलेल्या पंचायती, त्यांवर तालुका समित्या, त्यांवर संस्थानचं कायदेमंडळ. बहात्तर गावांचं संस्थान, आणि सत्तेचा पाया गावपंचायतीत. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं, कैद्यांना भिंतीशिवाय ठेवणारी वसाहत, तिथे ते शेती करत.

आजोबा तेव्हा तिशीतले. ते सांगत, पंचायती आल्यावर कचेरीत येणाऱ्या बांधाच्या भांडणांचे अर्ज कमी झाले, कारण पंच जाऊन बांधावरच उभे राहायचे. पण त्यांनी दुसरीही बाजू लपवली नाही. काही गावांत पंच म्हणून निवडून आले ते पूर्वीचेच पाटील आणि सावकार. वाड्यावरची माणसं चावडीवर बसली एवढाच फरक. तरी ते म्हणायचे, पाच वर्षांनी का होईना, त्यांना मतं मागायला महारवाड्यात, धनगरवाड्यात यावं लागणार होतं, आणि तसं आटपाडीत आधी कधी घडलं नव्हतं.

तुमच्या वडिलांचं संस्थान कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. कळवलंत तर त्याबद्दल वेगळं लिहीन.

पन्हाळा भागातून एक तरुण : आमच्या पणजोबांकडे महार वतनाची जमीन होती. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ आहे, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. शेजारच्या गावातल्या तशाच जमिनीला मात्र बंधन नाही. असा फरक का?

फरकाची मुळं संस्थानी काळात असू शकतात, म्हणून हा प्रश्न मुद्दाम घेतला.

महार वतन म्हणजे जमीन थोडी आणि राबणूक अमर्याद. सरकारी निरोप पोचवायचे, वसुलाची रक्कम पेट्याच्या कचेरीत न्यायची, अधिकारी आला की त्याच्यापुढे पळायचं, रात्री गस्त घालायची. गावाची शीव कुठून जाते याची साक्ष महाराची मानली जायची, एवढा विश्वास, आणि त्याच माणसाला चावडीच्या पायरीखाली उभं करायचं. वतन सगळ्या भावकीचं मिळून, त्यामुळे एकानं काम नाकारलं तर सगळ्यांच्या जमिनीवर गदा. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापुरात ही वतनं मोडून जमिनी रयतावा केल्या, म्हणजे चाकरीची अट काढून त्या कसणाऱ्यांच्या नावावर लावल्या. खालसात मात्र ते चालूच राहिलं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायदा सुधारायचं विधेयक आणलं, त्यालाही यश आलं नाही. शेवटी १९५८ चा कनिष्ठ गाव वतनं नष्ट करणारा कायदा झाला. त्याखाली ज्या जमिनी परत दिल्या त्या नवीन अविभाज्य शर्तीवर, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. जुने लोक त्यांना ‘सहा-ब’च्या जमिनी म्हणतात.

तेव्हा तुमच्या गावाची जमीन १९१८ ला रयतावा झाली होती की १९५८ च्या कायद्याखाली परत मिळाली, हे आधी शोधा. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक वर्तुळात लिहिलेले असतात. सर्वांत जुना क्रमांक घ्या, तो फेरफार काढा, त्यात ज्या आधीच्या फेरफाराचा किंवा हुकमाचा उल्लेख असेल तो काढा, असं मागे मागे जा. मोडी नोंद लागली की नक्कल मागा, आणि लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्या. संस्थानी हुकूम हातात आला तर तो घेऊन महसुलाची कामं करणाऱ्या वकिलाला भेटा. नुसत्या ऐकीव माहितीवर अर्ज करू नका. आणि ‘शोधूनही सापडत नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं तर ते लेखी मागा.

हे शेवटचं मी मुद्दाम सांगते. नोकरीत असताना एका कचेरीत माझी बदली झाली. तिथे मागच्या खोलीत संस्थानी काळातले रुमाल होते, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. कौलं फुटलेली, दोन पावसाळे पाणी आत आलेलं. मी एक रुमाल सोडला तर आतला गठ्ठा विटेसारखा एकजीव झालेला. बोटानं पान सुटेना. वरच्या चिठ्ठीवर गावाचं नाव तेवढं वाचता आलं. त्या गावातल्या किती घरांचे हक्क त्या विटेत होते कुणास ठाऊक. त्या गावच्या माणसांना वर्षानुवर्षं ‘सापडत नाही’ एवढंच उत्तर मिळत होतं. कागद नष्ट झाला आहे असं कुणी लिहून दिलं असतं, तर त्यांनी दुसरा पुरावा शोधला असता. उरलेले रुमाल आम्ही दोघा शिपायांच्या मदतीनं सावलीत, वाऱ्यावर वाळवले. एकवीस वाचले.

जतजवळच्या एका गावातून एका आजींच्या नातीनं कागदाचा फोटो पाठवला आहे : आजी म्हणते, हा आमच्या विहिरीचा कागद. यात काय लिहिलंय?

आजींचं बरोबर आहे. विहीर खोदायला तगाई मागणारा अर्ज आहे हा. तगाई म्हणजे शेतीसाठी सरकारनं दिलेलं कर्ज, ते सारा भरताना हप्त्यानं फेडायचं. अक्षर सरावाच्या माणसाचं आहे. तिसऱ्या ओळीत विहिरीच्या जागेची चतुःसीमा आहे : पूर्वेस ओढा, दक्षिणेस गावची वाट. खालच्या कोपऱ्यात नांगराची निशाणी काढली आहे, म्हणजे अर्जदाराला सही येत नव्हती. ती निशाणी तुझ्या खापरपणजोबांच्या हातची असेल. आजींना दाखव.

डावीकडे मामलेदाराचा शेरा आहे, ‘जागा पाहून’ एवढंच वाचता येतं, पुढचे शब्द घडीत गेलेत. तगाई मंजूर झाली की नाही ते या बाजूला नाही. कागद उलटा कर, सावलीत ठेव, घडी हातानं हलकेच उघड, ताणू नकोस, आणि मागच्या बाजूचा फोटो पाठव.